घटापुढचा काचेचा दिवा

नवरात्र जवळ आलं की आमच्या घरात माझ्यासमोर दिव्याचा विषय कोणी काढत नाही. सुना आपसात ठरवतात, तिळाचं तेल आणतात, समई घासतात आणि मी देवघराच्या दाराशी आले की बोलणं भलतीकडे नेतात. त्यांना वाटतं, म्हातारी उगाच चिडते. चिडतेच मी, पण उगाच नाही. का चिडते ते आता लिहूनच ठेवते, कारण तोंडानं सांगायला लागले की माझा आवाज चढतो आणि ऐकणारा काहीतरी काम काढून उठतो. अक्षर मी उतारवयात शिकले आहे, तेव्हा वळणाला कोणी हसू नये.

मी माळ्याची लेक. माहेर अचलपूरच्या अंगाला, तेव्हा त्याला एलिचपूर म्हणत. बापाची विहीर होती, मोट होती, वांगी, मिरची, कांद्याचं रोप आणि दसरा-दिवाळीला झेंडू. पण बापाचं खरं नाव होतं ते बियाण्याबद्दल. त्याच्या घरचा गहू किंवा मिरचीचं बी घेतलं की उगवेल का, असं कोणी विचारत नसे. लांबलांबच्या बाजारांतून माणसं फक्त बी न्यायला आमच्याकडे येत. बाप बी द्यायचा तो आधी हातावर चोळून, वास घेऊन, आणि मगच ओटीत टाकायचा.

आम्ही दोघी बहिणी. धाकटी माझ्याहून लहान असली तरी रोपांच्या कामात माझ्या दहा हात पुढे. मिरचीचं रोप ती असं उपटायची की मुळाची माती मुळालाच राही, आणि दुसरीकडे लावलं की ते रोप मान टाकत नसे. मी लावलेली रोपं दोन दिवस रुसून बसायची. बाप म्हणायचा, मोठी तोंडाची आणि धाकटी हाताची. मला राग यायचा, पण खोटं काही नव्हतं.

माझं लग्न अमरावतीच्या वेशीबाहेरच्या माळ्याच्या घरी झालं. बाप स्थळ पाहायला आला तेव्हा त्यानं मुलाचं तोंड पाहायच्या आधी विहिरीचं पाणी ओंजळीत घेऊन चाखलं. पाणी गोड लागलं आणि त्यानं तिथंच मान हलवली. आमच्यात असंच आहे. माळ्याच्या घरात पाणी खारं असेल तर बाकीची गोडी काय चाटायची आहे?

पण मी त्या घरात आले तोवर त्या गोड पाण्याला कोणी विचारत नव्हतं. साता समुद्रापलीकडे गोऱ्यांची आपसात लढाई जुंपली होती म्हणे, आणि तिकडचा कापूस बंद पडला म्हणून इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. अमरावतीत गाड्यांची रीघ लागे. बैलांच्या शिंगांना चांदी बसली, आणि ज्यांना कालपर्यंत कोणी जय हरी म्हणत नव्हतं त्यांच्या ओसरीवर दलाल बसू लागले. माझ्या सासऱ्यांनी, त्यांना मी मामाजी म्हणत असे, वांग्याचे वाफे मोडले, झेंडूचा तुकडा नांगरला, आणि बांधापासून बांधापर्यंत कापसाची पऱ्हाटी लावली. मोटेचा नाडा खुंटीवर टांगला होता, तो तिथंच सुकत होता. माळ्याच्या घरी भाजी बाजारातून येऊ लागली. सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, वांगी विकत घेताना पदर तोंडावर ओढून घेत, कारण विकणारी बाई ओळखीची असे.

धाकटा दीर लग्नाचा होता. आत्याबाईंच्या मनात माझी बहीण भरली होती. माझ्या लग्नात तिनं मांडवाशी लावलेली केळ हातानं सरळ केली, तेव्हापासूनच. दोघी बहिणी एका घरी येणार म्हणून मला काय वाटत होतं ते सांगायला नको. नवं घर, न बोलणारा नवरा, आणि दिवसभर पऱ्हाटीच. ती आली की आम्ही दोघी मिळून विहिरीजवळचा तुकडा मागून घेऊ, मिरची लावू, असे बेत मी एकटीच करत बसे. बापाकडून होकार आला होता. दसऱ्याला त्यानं तिला घेऊन यायचं आणि त्याच दिवशी कुंकू लावून सोयरीक पक्की करायची, असं ठरत आलं होतं.

मात्र त्या घरात एक रीत होती. नव्या सुनेच्या पहिल्या नवरात्रात घटाचं बी तिच्या माहेराहून यायचं. टोपलीत पळसाच्या पानांवर चाळलेली काळी माती पसरायची, तिच्यात बी पेरायचं, मधोमध पाण्याचा मातीचा घट ठेवायचा आणि समोर नऊ दिवस दिवा विझू द्यायचा नाही. दार-खिडकी लावून घेतलेल्या देवघरात, त्या एवढ्याशा उजेडात, धान वर येतं ते पिवळंधमक, वीतभर, सरळ. दसऱ्याला भाऊबंद जमून ते पाहतात. धान सरळ आणि पिवळं आलं तर सुनेच्या माहेरचं बी चांगलं, म्हणजे तिचं घराणं चांगलं. एका घरची दुसरी मुलगी आणायची असेल तर हे पाहिल्याशिवाय कोणी पुढे जात नसे. माळ्यांनी माणसं पारखली ती बियासारखीच. मामाजी म्हणाले होते, "घट पाहू, मंग कुंकू लावू." मला काडीची काळजी नव्हती. माझ्या बापाचं बी उगवणार नाही तर कोणाचं उगवेल?

बापानं गहू आणि ज्वारी पाठवली, लागते त्याहून जास्तच. उरलेलं आत्याबाईंनी डेऱ्यात ठेवून दिलं.

घट बसायच्या आठ-पंधरा दिवस आधी मामाजी अकोल्याला गेले. तिकडे रुळाचं काम चाललं होतं, गोरे साहेब उतरले होते, आणि त्यांच्यासाठी एका पारश्यानं दुकान मांडलं होतं. मामाजींनी कुठल्या तरी दलालाच्या बैठकीत काचेचा दिवा जळताना पाहिला आणि त्यांचा जीव त्याच्यावरच बसला. ते घरी आले ते मांडीवर दिवा धरूनच, गाडीला धक्का बसेल म्हणून वाटभर गाडीवानाला शिव्या देत. खाली पितळी टाकी, वर काचेचा लांब गळा, आणि सोबत डब्यात मातीचं तेल, आता घासलेट म्हणतात ते. तेलाचा वास असा की आत्याबाईंनी डबा गोठ्यात ठेवायला लावला. दिव्याचे किती दिले ते मामाजी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, म्हणून मी सांगत नाही.

संध्याकाळी दिवा लावला तेव्हा सगळी आळी अंगणात जमली. खरं सांगते, मीही तोंडात बोट घातलं. भिंतीवरच्या शेणाच्या सारवणातली काडी न काडी दिसत होती. एका म्हातारीनं तर दिव्याला हात जोडले. मामाजींच्या चेहऱ्यावर तेव्हा जे होतं ते पाहून मला पुढचं कळायला हवं होतं, पण मीही इतरांसारखी दिव्याकडेच पाहत होते.

घटापुढे कोणता दिवा लावायचा हा प्रश्न तोवर त्या घरात कोणाला पडला नव्हता. तिळाच्या तेलाची समई, झालं. तीळ महागले की करडई. जवसाचं तेल धुरावतं म्हणून वर्ज्य, एरंडेल मंद जळतं म्हणून गरिबाला बरं, आणि तूप फक्त अष्टमीला. पण घट बसायच्या आदल्या दिवशी मामाजींनी समई उचलून आत नेऊन ठेवायला सांगितली आणि तिच्या जागी काचेचा दिवा ठेवा म्हणाले.

आत्याबाईंनी विचारलं, त्या तेलात कशाची चरबी असेल कोण जाणे, देवापुढे कसं चालेल? मामाजींनी त्याचंही उत्तर अकोल्याहून आणलं होतं. हे तेल जनावराचं नाही, झाडाचं नाही, ते जमिनीतून निघतं. जमीन म्हणजे माय. मग याहून सोवळं काय? आत्याबाई हळूच म्हणाल्या, घटाचं धान अंधारातच पिवळं येतं. यावर मामाजी जे बोलले ते मला अजून पाठ आहे, कारण ते ऐकून माझी बुद्धीही फिरली होती.

"वावरात पीक कावून येते? सूर्य असते म्हून. सावलीत पऱ्हाटी होते का तुही? मंग देवाच्या धानाले आपुन अंधारात कोंडून ठेवतो अन् म्हनतो वीतभर आलं. उजेड देऊन त पाह्य, हातभर येईन."

सांगा, यात चूक काढायची तर कुठं काढायची? माळी माणूस, जन्मभर ऊन आणि पाणी मोजत आला, त्याला असंच सुचणार. शिवाय समई वाऱ्यानं विझते, सारखं तेल घालावं लागतं. काचेतली ज्योत वाऱ्याला दाद देत नाही. माझ्या नवऱ्यानं मान डोलावली. तो कशालाही मान डोलावत असे, मोटेला जुंपलेल्या बैलासारखा, पण या वेळी मीही मनात म्हटलं, खरंच असेल बाई. आत्याबाईंचं म्हणणं तेवढं वेगळं होतं, आणि त्यांच्याजवळ रीत सोडून दुसरा पुरावा नव्हता. रीत हा काही पुरावा नव्हे, असं त्या वर्षात सगळेच बोलायला शिकले होते.

घट बसले. दिवा सांभाळायचं काम नव्या सुनेचं, म्हणजे माझं. मामाजींनी दिवा पायलीचं माप पालथं घालून त्यावर ठेवला, टोपलीपासून हातभर अंतरावर, म्हणजे धानावर उजेड बरोबर पडेल. खिडकीला कांबळ लावलं. दार मी आत-बाहेर करण्यापुरतं उघडत असे. पहिल्या दिवसापासूनच त्या खोलीत गेलं की कपाळ दुखू लागे. माळेला झेंडू मिळेना म्हणून कारळ्याची पिवळी फुलं आणली होती, तीसुद्धा बाजारातून. ती संध्याकाळपर्यंत पाकळ्या टाकून मोकळी होत. आत्याबाई पाकळ्या वेचून पदरात घेत.

तिसऱ्या माळेला धान फुटलं. चौथ्या माळेला ते वर यायला हवं होतं तसं येईना. कोंब बोटाच्या पेराएवढे, जाड, आणि वर जायच्या ऐवजी आडवे पळत होते. काही तर टोकाशी वळून परत मातीकडे तोंड करून होते. माझ्या बापाच्या घरी असं धान मी कधी पाहिलं नव्हतं. खरं तर एकदा पाहिलं होतं. हिवाळ्यात वांग्याचं बी ऊब मिळावी म्हणून आई चुलीमागे ठेवायची, आणि एकदा ओली लाकडं धुमसली तेव्हा त्या टोपलीतलं रोप असंच आखडलं होतं. बापानं तेव्हा ती टोपली उकिरड्यावर ओतली होती.

मी आत्याबाईंना सांगितलं. सासऱ्यांशी सुनेनं थेट बोलायचं नाही, म्हणून त्यांच्यामार्फत सांगितलं की दिव्याच्या वाफेनं धान आखडून राहिलं आहे, समई लावू द्या. आत्याबाई आत आल्या, धान पाहिलं, दिवा पाहिला, आणि दिवा हातभर मागं सरकवून गेल्या. संध्याकाळी मामाजी आले. धान बुटकं दिसलं तेव्हा त्यांना वाटलं, उजेड कमी पडतो. त्यांनी दिवा उचलून होता त्याहून जवळ आणला आणि वात वर केली. दुसऱ्या दिवशी आत्याबाईंनी मागं नेला. त्यांनी पुन्हा पुढे आणला. नवरा-बायकोत त्यावरून एक शब्द झाला नाही. मधल्यामध्ये धान खुंटत गेलं. पी हळद अन् हो गोरी, असा सगळा कारभार.

मी पुन्हा सांगितलं, या वेळी नवऱ्याला. तो म्हणाला, बाबांना कळतं. आत्याबाईंना पुन्हा विनवलं तेव्हा त्यांनी मला ओढून चुलीजवळ नेलं आणि सांगितलं की घरातल्या माणसानं आळीला बोलावून दाखवलेला दिवा आहे, तो आता देवघरातून उचलला तर गावात काय तोंड दाखवायचं? सून घरात येऊन वर्ष झालं नाही, तेवढ्यात सासऱ्याला शिकवते, असं होईल. त्यांनी हे रागानं सांगितलं नाही. मला तो रागाहून वाईट वाटला, तो त्यांचा शांतपणा.

आठव्या माळेच्या संध्याकाळी बाप आला. सोबत धाकटी, नवं हिरवं लुगडं गाठोड्यात बांधून आणलेलं. ती आल्या आल्या विहिरीवर गेली, ओंजळभर पाणी प्यायली आणि मला म्हणाली की एवढं पाणी असून तुम्ही मिरची लावत नाही, तुम्हाला वेड लागलं आहे. मी हसले. घटाबद्दल मी तिला काही सांगितलं नाही. सांगून ती करणार काय होती?

दसऱ्याला घट उठले. भाऊबंद ओसरीवर बसले होते, मामाजी पागोटं घालून मधोमध. आत्याबाईंनी टोपली आणून ठेवली. काचेचा दिवाही त्यांनी बाहेर आणून ठेवला होता, काजळी पुसून लख्ख केलेला. टोपलीत बोटाबोटाएवढं, जाडं, काळपट टोकांचं वाकडं धान होतं. ओसरीवरच्यांनी वाकून पाहिलं. मग एका चुलत सासऱ्यानं विचारलं की बी कुठलं. सगळ्यांना ठाऊक होतं कुठलं ते.

मामाजींनी माझ्या बापाकडे पाहिलं. त्यांच्या तोंडावर घाम होता. मला आज वाटतं, त्या घडीला त्या माणसाला कळलं होतं. पण एकीकडे आळीनं हात जोडलेला दिवा आणि दुसरीकडे एलिचपूरचा एक माळी, यात कोणाला उभं करायचं आणि कोणाला पाडायचं हे ठरवायला त्यांना वेळ लागला नाही.

"इवाई," ते आपल्या व्याह्याला म्हणाले, "बी तुमचं हाय."

बाप उठून टोपलीजवळ आला. त्यानं एक कोंब उपटला, चोळला, वास घेतला. मग बोट कोंबावरून फिरवून पाहिलं. बोटाला काळं लागलं. त्यानं एकदा त्या दिव्याकडे पाहिलं, इतकं पाहिलं की मला वाटलं, आता बोलेल. तो बोलत नाही असं दिसलं तेव्हा मी दारामागून बाहेर आले आणि डोक्यावरचा पदर न आवरता सगळ्यांपुढे म्हणाले, "बियाचा दोष नाई. दिव्यानं झालं."

एखाद्या घरात नव्या सुनेनं असं बोलल्यावर काय होतं, ते मला नव्यानं सांगायला नको. मामाजी अर्धे उठले. चुलत सासरा म्हणाला, असल्या तोंडाची सून आमच्यात कोणी एक दिवस ठेवत नाही, आल्या गाडीनं बापासोबत पाठवून द्या. आणि हे तो सहज बोलला, भाजी परत करावी तसं. माझा नवरा खांबाला टेकून उभा होता. तो टेकलेलाच राहिला.

तेव्हा बापानं काळं लागलेलं बोट धोतराला पुसलं. मला म्हणाला, "चूप राय, माय." आणि मग मामाजींकडे वळून, हात जोडून म्हणाला, "बी माह्यंच खोटं निंगालं, इवाई. पोरगी लायनी हाय, तिले समजत नाई. तिले पदरात घ्या."

माझा बाप, ज्याच्या बियाला कोणी विचारत नव्हतं की उगवेल का, तो बारा भाऊबंदांपुढे स्वतःच्या तोंडानं म्हणाला की माझं बी खोटं. चोर सोडून संन्याशाला फाशी देतात असं ऐकलं होतं. संन्याशानं आपणहून मान पुढे केलेली मी त्या दिवशी पाहिली. मामाजी खाली बसले. मोठ्या मनानं म्हणाले की होतं असं कधी कधी, सून आमची आहे ती आमच्याकडेच राहील. धाकट्याच्या सोयरिकीचं मात्र देवाच्या मनात दिसत नाही. बापानं यालाही मान हलवली.

धाकटी आत होती, हिरवं लुगडं नेसून तयार. तिनं सगळं ऐकलं होतं. गाडी जुंपली तेव्हा मी तिच्याजवळ गेले. ती लुगडं बदलून पुन्हा घरचं नेसली होती. मला वाटलं रडेल, तर ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "बापानं तुले ठेवलं, बाई."

तिच्या बोलण्यात राग होता का, हे मी पुढे कितीदा तरी ताडून पाहिलं. नव्हता. म्हणून तर ते अजून टोचतं. बापाच्या हातात दोन मुली होत्या आणि एकच वाचवता येत होती, आणि जी आधीच उजवली होती ती परत आली असती तर दोघीही बुडाल्या असत्या, हा हिशेब तिनं माझ्या आधी केला होता. मला बापाचा राग येत नाही. राग येतो तो त्या ओसरीवर बसून सुपारी कातरणाऱ्यांचा, ज्यांना कोंबाची काजळी दिसत होती आणि ज्यांच्यापैकी प्रत्येकजण माळी होता.

अशा गोष्टीला पाय फुटतात. दिवाळीपर्यंत एलिचपूरच्या बाजारात बातमी पोचली की त्यानं स्वतःच कबूल केलं, बी खोटं आहे. बी घ्यायला येणारे कमी झाले. घट पाहून परत पाठवलेली मुलगी म्हणून धाकटीला जवळपासचं कोणतं घर विचारीना. ज्यांनी विचारलं ते अकोल्यापलीकडचे, खारपाणपट्ट्यातले. माणूस बिजवर, पहिलीची दोन मुलं घरात. तो काही वाईट नव्हता म्हणतात. पण तिकडच्या विहिरींचं पाणी खारं. प्यायला पाणी लांबून आणायचं, आणि ते खारं पाणी वाफ्यात घातलं की वाफा पांढरा पडतो. तिकडे पावसावर पऱ्हाटी येते, बाकी काही नाही. माळ्याची पोर, मिरचीचं रोप मुळासकट माती न सांडता उपटणारी, बापानं खाऱ्या पाण्यावर दिली. या वेळी त्यानं विहीर चाखली नव्हती. चाखून काय उपयोग होता?

लग्न वैशाखात झालं. पुढचं नवरात्र आलं तेव्हा आत्याबाईंनी कोणाला न विचारता समई बाहेर काढली, घासली, तिळाचं तेल घातलं. काचेचा दिवा तोवर ओसरीवर कापसाचा हिशेब करायला वापरत. मामाजी समई पाहून ओसरीवर निघून गेले. बी कुठून आणायचं असा प्रश्न आला नाही, कारण डेऱ्यात होतंच. माझ्या बापाचं, गेल्या सालचं, तेच बी. आत्याबाईंनी ते माझ्या देखत ओंजळीनं काढलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

दसऱ्याला टोपली बाहेर आणली तेव्हा भाऊबंदांच्या तोंडून आपसूक वाहवा निघाली. धान वीतभर, पिवळंजर्द, एकाही काडीला बाक नाही. मामाजींनी पागोट्यात तुरा खोवला. चुलत सासऱ्यानं कानावर खोवला, तोच तो, आल्या गाडीनं पाठवा म्हणणारा. बी कुठलं, असं या वेळी कोणी विचारलं नाही.

घटाचं धान लेकीबाळींना पाठवायची रीत आहे. मामाजी ओसरीवर बसून जुड्या बांधत होते, ही अमकीला, ही तमकीला. मी पाण्याचा तांब्या ठेवायला गेले तेव्हा ते खुशीत होते. एक जुडी माझ्याकडे सरकवून म्हणाले, "एक तुह्या भयनीलेबी धाड. लेकीवानीच हाय ते आमाले."

ते मनापासून बोलले. त्यात सोंग नव्हतं. त्यांना खरंच वाटत होतं की आपण एक चांगली गोष्ट करत आहोत. त्या घरात आल्यापासून मी त्यांच्याशी थेट एक शब्द बोलले नव्हते. जे काय असेल ते आत्याबाईंमार्फत. त्या दिवशी आत्याबाई हाताच्या अंतरावर उभ्या होत्या, पण मी त्यांना मध्ये घेतलं नाही.

"तिले धान कायले, मामाजी?" मी म्हणाले. "तिच्या घरी उजेड कमी हाय. तिले तुमचा तो दिवा धाडा."

आत्याबाईंनी तोंडाला पदर लावला. नवरा पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत राहिला. मामाजींनी हातातली जुडी खाली ठेवली आणि बराच वेळ ती बांधायची दोरी सोडत आणि पुन्हा बांधत बसले. त्यांनी मला घालवून दिलं नाही, शिवीही दिली नाही. त्या दिवसापासून त्यांनी माझ्या हातचं पाणी मात्र घेतलं नाही, मरेपर्यंत घेतलं नाही, आणि मीही तांब्या पुढे करणं सोडलं. मी तेव्हा एका दिवसात शहाणी झाले असं लोक म्हणत. शहाणी कसली! बोलायचं होतं ते वर्षभरापूर्वी बोलून झालं होतं, आणि तेव्हा ते कोणी ऐकलं नव्हतं.

ती जुडी दुपारपर्यंत ओसरीवर पडून होती, मग कोणीतरी गाईपुढे टाकली. दिवाळीच्या आसपास तिकडून येणाऱ्या एका गाडीवानाकडून धाकटीचा निरोप आला. बरी आहे म्हणे. पावसाळ्यात परसात मिरचीची चार रोपं लावली होती, पाऊस होता तोवर ती चांगली उभी राहिली. पाऊस उघडल्यावर विहिरीचं पाणी घातलं, तर पानं कडेनं जळत जळत आत आली. आता ती काही लावत नाही.